एका मजल्यावरची चार पंचांगं: ठाणे-नवी मुंबईत पहिलं वर्ष काढणाऱ्यांसाठी

कराडहून नेरूळला बिऱ्हाड हलवलं तेव्हा टेम्पोत देवघर होतं, पोळपाट-लाटणं होतं आणि गुंडाळी केलेलं कालनिर्णय होतं. सण त्या कॅलेंडरात बघायचा आणि करायचा, यात आणखी शिकण्यासारखं काही असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. मजल्यावर चार दारं. एक आमचं, समोर पालक्काडचं मल्याळी कुटुंब, उजवीकडे गुजराती जैन आणि लिफ्टला लागून बिहारमधल्या छपऱ्याचे भैया-भाभी.

आषाढी अमावास्या आली. कॅलेंडरात हिला दीप अमावास्या म्हणतात आणि घराघरात गटारी. मी तांबड्या रश्शाचा डबा भरला आणि भाभींच्या दारात जाऊन उभी राहिले. उद्यापासून आमचा श्रावण, म्हणून आज जरा जास्तच केलंय, असं तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं. भाभींनी हात पुढे केलाच नाही. पदर सावरत, ओशाळून म्हणाल्या, ‘‘दीदी, हमारा तो सावन कब का लग गया.’’ त्यांचे दोन सोमवारसुद्धा होऊन गेले होते, आणि मी उंबऱ्यावर कोंबडीचा वास घेऊन उभी.

त्यानंतर जे विचारत, चुकत शिकले ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. सगळं एका वर्षात येत नाही. पण पहिल्या दोन पायऱ्या तरी सामान लावून झालं की लगेच करा.

पहिली पायरी: तारीख कशावर ठरते ते समजून घ्या

अर्धा गोंधळ इथेच मिटतो. आपण महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपवतो. गुजराती, कानडी आणि तेलुगू मंडळींचंही तसंच. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानकडे महिना पौर्णिमेला संपतो. शुक्ल पक्षाच्या महिन्याचं नाव दोघांकडे एकच, वद्य पक्षाला मात्र ते पुढच्या महिन्याचं नाव लावतात. म्हणून भाभींचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. आपला श्रावण अमावास्येनंतर लागतो आणि पिठोरीला संपतो. सण असला की अडचण येत नाही, कारण दिवस तोच राहतो: आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची, भाभींची भादों महिन्यातली, दहीहंडी एकाच दिवशी. घोटाळा होतो तो महिनाभर पाळायच्या गोष्टींत. उपास, सोमवार, मांसाहार बंद, हे त्यांचं पंधरवडाभर आधी सुरू होऊन आधीच सुटतं.

गुजराती शेजाऱ्यांचे महिने आपल्यासारखेच, पण वर्ष वेगळं. आपला दिवाळी पाडवा म्हणजे त्यांचं बेसतुं वरस. त्या सकाळी दार वाजलं की ‘साल मुबारक’ म्हणायचं.

मल्याळी, तमिळ, बंगाली यांचे महिने सूर्यावर चालतात, म्हणून त्यांचे काही सण इंग्रजी तारखेला चिकटून असतात. विषू, तमिळ पुत्तांडु, बंगाली पोइला बैशाख, पंजाबी बैसाखी हे सगळे १३ ते १५ एप्रिलच्या आत येतात. त्यातच १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. या आठवड्यात सोसायटीचा हॉल मिळेल या भ्रमात राहू नका.

मुस्लिम शेजाऱ्यांचं हिजरी वर्ष फक्त चंद्राचं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. आपणही चंद्राचे महिने मोजतो, पण साधारण दर ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून गाडी ऋतूवर आणतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. हिजरीत अधिक महिना नाही, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. कॅलेंडरात छापलेली ईदची तारीख हा अंदाज असतो, खरी तारीख चंद्र दिसल्यावर. इथे एक कामाची गोष्ट: रमजान ईद शव्वाल महिन्याच्या पहिल्या तारखेला येते, म्हणून ती आदल्या संध्याकाळीच कळते. बकरी ईद जिल्हिज महिन्याच्या दहाव्या तारखेला, म्हणून ती नऊ-दहा दिवस आधी पक्की होते. रमजान ईदच्या आसपास लग्नाची बोलणी किंवा गावाला जाणं ठरवलं असेल तर एक दिवस इकडेतिकडे धरूनच चाला. सुट्ट्याही सरकतात. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले. मुस्लिम मंडळींनी जुलूस एक दिवस पुढे ढकलला आणि सरकारने २९ तारखेला सुट्टी दिली. ऑफिसातल्या यादीवर विसंबून त्या दिवशी डबा करून बसलेल्यांत मी होते.

आता करायचं एवढंच. कालनिर्णय भिंतीवर लावा, शेजारी स्केचपेन बांधून ठेवा आणि मजल्यावरच्या प्रत्येक दारी एकच प्रश्न विचारा: तुमच्या घरी ज्या दिवशी मोठा स्वयंपाक होतो ते दोन-तीन दिवस कुठले? ‘तुमचे सण कुठले’ असं विचारलंत तर लोक शाळेतल्या निबंधासारखी यादी सांगतात. स्वयंपाकाचं विचारलं की खरे सण कळतात.

दुसरी पायरी: दार वाचा

इथल्या फ्लॅटला अंगण नाही, त्यामुळे जो काही सण दिसायचा तो दारातच दिसतो. सकाळी लिफ्टकडे जाताना दोन सेकंद थांबून बघायची सवय लावून घ्या.

समोर ओणमच्या आधी दहा दिवस, अत्तमपासून, फुलांची पूक्कळम मांडली जाते. पहिल्या दिवशी ताटलीएवढी असते, तिरुओणमपर्यंत वाढत जाते. तिला ओलांडून जाऊ नका आणि पोरांना त्यातली झेंडूची फुलं उचलू देऊ नका. माझ्या धाकट्याने एकदा मधलं फूल उचलून त्यांच्याच अम्मांना नेऊन दिलं होतं, अम्मा हसल्या म्हणून निभावलं. तमिळ घरासमोरचं कोलम तांदळाच्या पिठाचं असतं आणि ते रोजचंच, सण असेलच असं नाही. पण ते एखाद्या सकाळी दिसलं नाही तर घरात काही झालं असावं, हे ओळखा.

दिवाळी संपून दोन ते सहा आठवडे झाले तरी तमिळ दारात पणत्या दिसल्या, तर त्या उरलेल्या पणत्या नव्हेत, तो कार्तिगै दीपम आहे. ख्रिस्ती घरावरची चांदणी डिसेंबरात चढते आणि ६ जानेवारीपर्यंत राहते. ‘‘अजून कंदील काढला नाही का?’’ असं विचारून स्वतःचं हसं करून घेऊ नका.

दिवाळीच्या पहाटेचं एक मला फार आवडतं. नरक चतुर्दशीला आपण अभ्यंगस्नान करून कारीट फोडून मोकळे होतो. तमिळ घरीही दीपावली त्याच पहाटेची, तेल लावून अंघोळ. दिवसभर ते एकमेकांना विचारतात, ‘‘गंगास्नानम् आच्चा?’’ म्हणजे गंगास्नान झालं का? पाचव्या मजल्यावरच्या मामींना मी सकाळी सातला हे विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसला तो कुठल्याही मिठाईच्या बॉक्सने आणता आला नसता. बंगाली घरी मात्र लक्ष्मीपूजन कोजागिरीलाच होऊन गेलेलं असतं, आपल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यांच्याकडे कालीपूजा.

तिसरी पायरी: ‘शुभेच्छा’ प्रत्येक दिवसाला चालत नाहीत

व्हॉट्सॲपवर फुलांची चित्रं पाठवायची घाई असणाऱ्यांनी ही पायरी दोनदा वाचावी.

गुड फ्रायडे हा येशूच्या मृत्यूचा दिवस. त्या दिवशी शुभेच्छा नसतात, त्या रविवारी ईस्टरला द्यायच्या. मोहरमचा दहावा दिवस, आशुरा, करबलात इमाम हुसैन मारले गेले त्याचा. तिथेही शुभेच्छा नाहीत. ६ डिसेंबर हा बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, त्या दिवशी अभिवादन असतं. १४ एप्रिलला मात्र ‘जय भीम’ म्हणून मोकळ्या मनाने शुभेच्छा द्या आणि दिल्या तर घ्या. ऐरोलीला सेक्टर १५ मध्ये बाबासाहेबांचं स्मारक आहे, नव्याने आलेल्यांनी मुलांना घेऊन एकदा बघावं.

पारशांचं आणखी मजेशीर आहे. आपण सर्रास ‘पतेतीच्या शुभेच्छा’ म्हणतो. पतेती हा जुन्या वर्षाचा शेवटचा दिवस, झाल्या-गेल्या चुकांबद्दल पश्चात्तापाचा. नवं वर्ष त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या दिवशी ‘नवरोज मुबारक’. हे शहेनशाही नववर्ष ऑगस्टच्या मध्यावर येतं, कारण त्या पंचांगात लीप वर्ष नाही आणि शतकानुशतकं एकेक दिवस घसरत ते मार्चवरून तिथे पोचलं. २१ मार्चचा नवरोज वेगळा, तोही साजरा होतो.

जैन शेजाऱ्यांच्या पर्युषणाच्या शेवटी कुणी हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणालं, तर ते माफी मागताहेत, जाणता-अजाणता दुखावलं असेल त्याची. उत्तर तेच: मिच्छामि दुक्कडम्. ‘‘अहो, तुम्ही कशाला माफी मागताय?’’ असं म्हणत बसू नका. मी म्हटलं होतं.

चौथी पायरी: डबा

रिकामा डबा परत करायचा नाही, हे तुम्हाला आईने शिकवलेलं असेलच. इथेही तेच चालतं. काहीच नसेल तर मूठभर साखर घाला. अडचण येते ती डब्यात काय घालावं याची.

जैन घरी कांदा, लसूण, बटाटा, गाजर, रताळं असं जमिनीखालचं काही चालत नाही. आपला उपासाचा फराळ म्हणजे बटाटा आणि रताळंच, म्हणून एकादशीचा डबा तिकडे पाठवायचा विचार सोडून द्या. बरेच जण सूर्यास्तानंतर खात नाहीत, संध्याकाळी साताला गरम पुरणपोळी नेऊन उपयोग नाही. आणि गणेश चतुर्थीला तर जपूनच, कारण बऱ्याच श्वेतांबर घरी तोच संवत्सरीचा, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस असतो आणि घरातली निम्मी माणसं फक्त उकळलेल्या पाण्यावर असतात. आमच्याकडचे मोदक दुसऱ्या दिवशी सकाळी जातात, हे आता दोन्ही घरांना पाठ आहे.

ख्रिस्ती घरी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत बरेच जण मांसाहार सोडतात, निदान शुक्रवारी. रमजानात मुस्लिम शेजाऱ्यांकडे डबा दुपारी नको, इफ्तारच्या अर्धा तास आधी द्या. त्यात शाकाहारी भजी, फळं काहीही चालतं. ईदला तिकडून शीरखुर्मा येतो. शाकाहारी असाल तर बिर्याणीबद्दल आधीच मोकळेपणी सांगून ठेवा, कुणाला राग येत नाही. राग येतो तो डबा घेऊन मागच्या दाराने कामवाल्या बाईंना दिल्याचा. सोसायटीत काही लपत नाही.

छठचं तेवढं वेगळं सांगायला हवं. कार्तिक शुद्ध षष्ठीच्या संध्याकाळी मावळत्या सूर्याला आणि सप्तमीच्या पहाटे उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. व्रत करणारी बाई खरनाच्या, म्हणजे पंचमीच्या रात्रीनंतर साधारण ३६ तास पाण्याचा थेंब घेत नाही. त्या दिवसांत भाभींच्या स्वयंपाकघरात आपण पाऊल ठेवायचं नाही, ठेकुआ ठेवलेल्या सूपाला हात लावायचा नाही. मदत करायचीच असेल तर पोरं सांभाळा, नाहीतर घाटापर्यंत गाडीने सोडा. ठाण्यात तलावांवर आणि नवी मुंबईत तलाव-खाडीकाठी पहाटे चारला पार्किंग मिळत नाही, म्हणून दारात सोडणारा शेजारी हा त्या दिवशी देवासारखा वाटतो. सप्तमीच्या सकाळी प्रसादाचा ठेकुआ घरपोच येतो. तो नाकारू नका, डायबेटिस असला तरी कपाळाला लावून तुकडा तोडा.

पाचवी पायरी: जेवायला बोलावलं तर

ओणमच्या सद्याला, म्हणजे मेजवानीला पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, केळीच्या पानावर जेवणं आपल्याला काय नवीन! पान मांडतात ते निमुळतं टोक डावीकडे येईल असं. वाढप सुरू होतं वरच्या डाव्या कोपऱ्यात मीठ, लोणचं, आल्याची गोडसर पुळीइंजी, केळ्याच्या चिप्सपासून. मग अवियल, ओलन, कालन, तोरन, पानाच्या वरच्या भागात ठिपक्याठिपक्याने. भात खाली, त्यावर आधी परिप्पु म्हणजे मुगाचं घट्ट वरण आणि तूप, पापड चुरायचा. ते संपल्यावर सांबार. आपल्यासारखं पहिल्यांदाच सगळं ओतून कालवलंत तर वाढणारा पुढे काय वाढावं म्हणून थबकतो. पायसम मध्येच येतं, ते पानावरच हाताने खातात आणि पसरतं, तेव्हा घाबरायचं नाही. शेवटी रसम, ताक.

जेवून झाल्यावर मी आपलं सवयीने पान उलट बाजूला, पलीकडे दुमडलं. समोरच्या अम्मांनी काही न बोलता माझं पान उलगडलं आणि माझ्याकडे दुमडलं. नंतर त्यांच्या मुलीने, आम्ही तिला चेची म्हणतो, सांगितलं की पान स्वतःकडे दुमडलं म्हणजे जेवण आवडलं, पुन्हा येऊ. पलीकडे दुमडायचं ते श्राद्धाच्या जेवणाला.

इफ्तारला बोलावलं तर मराठी वेळ पाळू नका. साडेसहाचं आमंत्रण म्हणजे सातला जाऊ, हे इथे चालत नाही, सूर्य काही आपल्यासाठी थांबत नाही. दहा मिनिटं आधी जाऊन बसा. खजूर हातात येतो, अजान झाल्यावर सगळे एकदम तोंडात घालतात, तुम्हीही तेव्हाच.

गुरुद्वारात डोकं झाकायचं, चपला-बूट बाहेर, पाय धुवायचे, कडाहप्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. गुरुनानक जयंती कार्तिक पौर्णिमेला असते, लंगर सगळ्यांना खुला. ताटात पडलेलं टाकू नका, एवढं एकच तिथे पाळलं जावं असं अपेक्षित असतं. चर्चमध्ये नाताळच्या मध्यरात्रीच्या मिसेला कुणीही जाऊ शकतं. फक्त ऑस्ती, म्हणजे पवित्र भाकरीचा तुकडा घ्यायला रांग उठते तेव्हा आपण उठायचं नाही, ती बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असते.

आणि आपल्याकडे बोलावणं असेल तेव्हा? संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला मी आता फक्त ‘तिळगूळ घ्यायला या’ असं लिहिते आणि मजल्यावरच्या सगळ्यांना लिहिते. विधवा बायकांना वगळायची प्रथा मला गावातही पटत नव्हती, इथे तर तिसऱ्या मजल्यावरच्या मिसेस फर्नांडिस कुणाच्या सौभाग्याची चौकशी करत वाण घ्यायला येत नाहीत. त्याच दिवशी सक्कर पोंगल, म्हणजे गोड भात येतो, पाचव्या मजल्यावरच्या तमिळ मामींकडून. तिळगुळावर तो जरा जड होतो.

सहावी पायरी: सोसायटीचा झेंडा

राष्ट्रीय सुट्ट्या तीनच: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. १ मे महाराष्ट्र दिन, १९६० साली राज्य झालं त्याचा. त्याच दिवशी गुजरातही झालं, म्हणून उजवीकडच्या दारात त्या दिवशी शुभेच्छा दोन्ही बाजूंनी द्यायच्या असतात. १ नोव्हेंबरला मल्याळी आणि कानडी मंडळींचा राज्य दिन, १९५६ चा, तोही वहीत टिपून ठेवा.

नव्या माणसाला कमिटीवाले हमखास झेंड्याचं काम देतात. तेव्हा हे लक्षात ठेवा. केशरी पट्टा वर. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. फाटका, मळका, सुरकुतलेला झेंडा लावायचा नाही. ध्वजसंहिता २००२ सालची. ३० डिसेंबर २०२१ पासून मशीनवर शिवलेला आणि पॉलिस्टरचाही चालतो, आणि २०२२ पासून घरावर रात्रीही ठेवता येतो. काम झाल्यावर जुना झेंडा कचऱ्यात नाही टाकायचा, एकांतात मान राखून, शक्यतो जाळून निकाली काढायचा. पोरांच्या हातातले कागदी झेंडे संध्याकाळी जिन्यात पडलेले असतात, ते गोळा करायला दोघं जण आधीच नेमा.

आता गाठ. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर झेंडा खालून वर चढवतात, २६ जानेवारीला वर बांधून ठेवलेला उलगडतात. सोसायट्यांत मात्र दोन्ही दिवशी आत फुलं घालून बांधलेलाच असतो. आदल्या रात्री तो बांधणारा माणूस आवेशात असतो आणि गाठ दोन वेढ्यांची मारतो. सकाळी सव्वाआठला ज्येष्ठ सभासद दोरी ओढतात, झेंडा उलगडत नाही, लोक राष्ट्रगीत सुरू करावं की नाही या पेचात. आमच्याकडे एका वर्षी वॉचमनकाकांना शिडी लावून वर जावं लागलं आणि फुलं त्यांच्याच डोक्यावर पडली. सरकगाठ मारा, आणि झोपण्यापूर्वी एकदा ओढून बघा. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं आहे, स्पीकरवर लावणार असाल तर आधी मोबाईल एरोप्लेन मोडवर टाका.

सातवी पायरी: सेक्टरच्या मागचं गाव

शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली आली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. सारसोळे, दिवाळे, करावे, वाशीगाव, जुहूगाव, ऐरोलीजवळचं दिवा: ही गावं शहराच्या आधीची आहेत. आपण इमारतीत राहणारे नवे, ते मूळचे, आगरी आणि कोळी. हे डोक्यात पक्कं ठेवलं तर पालखीमुळे रस्ता दहा मिनिटं अडला म्हणून हॉर्न वाजवावासा वाटणार नाही.

त्यांचं वर्ष समजून घ्यायचं तर चैत्रात सुरुवात करा. कार्ल्याच्या एकवीरा देवीची पालखी चैत्र शुद्ध सप्तमीला, आणि गावोगावच्या गावदेवीच्या जत्राही याच सुमारास. त्या आठवड्यात मासळीवाली मावशी आली नाही तर चौकशी करू नका, ती डोंगरावर असते. १ जून ते ३१ जुलै मोठ्या होड्यांना मासेमारी बंद. मग नारळी पौर्णिमा. सोनेरी वेष्टनातला नारळ वाजतगाजत मिरवत नेऊन खाडीला अर्पण करतात, होड्या सजतात. त्या संध्याकाळी सारसोळ्याच्या जेट्टीकडे जा, मुलांना न्या, फोटो काढण्याआधी विचारा आणि नाचात ओढलं तर आढेवेढे घेऊ नका.

लग्नसराईत गावातून हळदीच्या रात्रीचं बॅन्जो आणि गाणी ऐकू येतात. मोठ्या आवाजाबद्दल पुढे लिहिते, पण त्याआधी एक सांगते: या लग्नांत धवलारीण असते, लग्नाचे विधी धवळे गाऊन लावणारी बाई. माझ्या मासळीवाल्या मावशीच्या मुलीच्या लग्नात पाटावर बसून डोळे मिटून गाणारी धवलारीण ऐकली तेव्हा कळलं की भटजीची जागा बाईच्या गळ्यानेही भरता येते. बोलावणं आलं तर हळदीलाच जा, फक्त लग्नाच्या जेवणाला नको.

ठाण्यात असाल तर

ठाण्याला हे सगळं आहेच, वर काही जास्तीचं. टेंभी नाक्याची नवरात्र आणि जांभळी नाक्यापासूनच्या दहीहंड्या, त्यामुळे त्या दिवसांत स्टेशनकडे रिक्षाने जायचा विचार करू नका, चालत जा. पाडव्याची स्वागतयात्रा कौपिनेश्वर मंदिराकडची. शेजारच्या डोंबिवलीत १९९९ साली अशी यात्रा सुरू झाली आणि मग गावोगाव पसरली. पूर्वेला कोपरीत सिंधी वस्ती आहे, तिथे पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी चेटीचंड, झुलेलालांची मिरवणूक.

पण ठाणेकर झालात तर दोन समाज ओळखून घ्या, कारण ते मराठीच बोलतात आणि आपल्याला त्यांची माहिती नसते. एक ईस्ट इंडियन ख्रिस्ती. हे इथल्याच मातीतले, १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची पन्नाशी झाली त्या सुमारास त्यांनी हे नाव घेतलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांचा आगेरा, नव्या भाताची लोंबी चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा सण. आपल्या दसऱ्याच्या तोरणातल्या भाताच्या लोंब्या आठवा. लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणतात.

दुसरे बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू. ठाण्याचं त्यांचं सिनेगॉग १८७९ सालचं, नाव शार हाशामाईम, स्वर्गाचं दार. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या सणांची मराठी नावं ऐकून मी अवाक झाले होते. ज्यूंचं नववर्ष रोश हशाना हा त्यांच्याकडे ‘नव्याचा सण’. योम किप्पूर हा कडक उपासाचा दिवस, दार लावून घरात बसायचा, म्हणून ‘दारफाळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या शोकाच्या दिवशी वालाचं बिरडं, म्हणून ‘बिरड्याचा सण’. नवस फेडायचा तर मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, खोवलेलं खोबरं, फळं. माझ्या ऑफिसातल्या ठाण्याच्या एका बाईंनी तो पहिल्यांदा खायला दिला तेव्हा मी म्हटलं, हे तर आमचे दडपे पोहे, गोडातले. त्या म्हणाल्या, ‘‘मग काय, दोन हजार वर्षं इथेच जेवतोय आम्ही.’’ सिनेगॉग बघायचं असेल तर आधी विचारून जा, पुरुषांनी डोकं झाकायला रुमाल न्या. अग्यारीत मात्र पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, बाहेरूनच नमस्कार.

आवाज आणि वर्गणी

आवाजाचा नियम सगळ्यांना सारखा: रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हा नियम तुम्ही शेजाऱ्याच्या सणाला काढणार असाल तर आपल्या गणपतीच्या मिरवणुकीलाही काढायची तयारी ठेवा. आम्ही तसं ठरवल्यापासून भांडणं निम्मी झाली आहेत.

वर्गणी सक्तीची नसावी आणि मेंटेनन्सच्या बिलात तर मुळीच घुसवू नये. आमच्याकडे गणपतीला ज्याला द्यायची तो देतो, ख्रिसमसचं झाड आणि ओणमची पूक्कळम लॉबीत ज्या-त्या घरांची. नोटीस बोर्डावर सणाचं नाव त्या लोकांकडून लिहून घ्या. ‘ओनम’ लिहिलेलं बघून चेची तीन वर्षं गप्प बसली, चौथ्या वर्षी तिने स्वतः खडूने ‘ण’ केला.

एक दार राहिलं

दिवाळीत मजल्यावर एखाद्या दारात कंदील नसेल, रांगोळी नसेल, तर आधी वॉचमनकाकांना विचारा. वर्षभरात घरात कुणी गेलं असेल तर पुष्कळ घरी त्या वर्षी सण करत नाहीत, आपल्यातही आणि मल्याळी लोकांतही. शुभेच्छांचा मेसेज त्या नंबरला पाठवू नका, यादीतून तेवढा एक वगळा. आपल्याकडे अशा घरी तळण होत नाही, फराळ शेजारी-नातेवाईक नेऊन देतात. समोरचे अप्पा गेले त्या वर्षी मी चकली आणि शंकरपाळ्यांचा डबा घेऊन गेले, बेल न वाजवता दारावर हलकेच थाप मारली. अम्मांनी डबा घेतला, आत जाऊन आल्या आणि परत दिला तेव्हा त्यात मूठभर साखर होती.